वजनाचा काटा अडतो तेव्हा

(रेडिओवर झालेल्या बोलण्याचा मजकूर)

पडघ्याच्या, अंबाडीच्या, खारबावच्या, अनगावच्या, दुगाडच्या, आणि भिवंडी शहरातल्या यंत्रमागाच्या गल्ल्यांतून ऐकणाऱ्या सगळ्या गटांना माझा नमस्कार. हात कामात असले तरी चालतील, कान इकडे असू द्या.

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाची बैठक संपली आणि सगळ्या चपला घालत असताना एक जण माझ्याजवळ आली. मला बाजूला घेतलं आणि कानात बोलल्यासारखं विचारलं, "मॅडम, ते वजनाचं पोटाचं ऑपरेशन असतं ना, ते केल्यावर पण वजन मध्येच थांबतं का हो? माझ्या बहिणीचं थांबलंय. घरात रोज भांडण होतंय." मी म्हटलं, थांबतं. तिने सुटकेचा श्वास सोडला. मला वाटलं, ही बाई इतकं हळू का विचारतेय? मग आठवलं, आमच्या घरीही आम्ही असंच हळू बोलत होतो.

म्हणून आज माझ्या मोठ्या जावेची गोष्ट सांगते. आम्ही दोघी अगं-तुगं करतो, मी तिला ताई म्हणते. तिला विचारून सांगतेय. तिची अट एकच होती, नाव घ्यायचं नाही आणि फोटो द्यायचा नाही. मी म्हटलं, रेडिओवर कुठे फोटो असतो गं? तर म्हणते, "नंतर मासिकात छापतात, मला माहीत आहे."

आमचं घर माणकोलीच्या पुढे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी तिकडे नुसती भातशेती होती. आता तुम्ही बघता, दापोडे, पूर्णा, काल्हेर, राहनाळ, जिकडे नजर टाकाल तिकडे गोदामाचे पत्रे. आमचीही जमीन गेली. पैसे आले, घर पक्कं झालं, नळ आला, मिक्सर आला, दारात स्कूटर आली. ताई लग्न होऊन आली तेव्हा लावणीला दिवसभर वाकून उभी असायची, झोडणीला असायची, विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे आणायची. ते सगळं दोन वर्षांत थांबलं, पण ताटातल्या तांदळाच्या तीन भाकऱ्या तीनच राहिल्या. मला तर वाटतं आमच्या पट्ट्यातल्या अर्ध्या बायांच्या अंगावरची चरबी म्हणजे विकलेल्या शेतातलं न झालेलं काम आहे. हे माझं आपलं म्हणणं, डॉक्टरांचं नव्हे.

पुढे ताईने गटातून कर्ज घेऊन डब्यांचा धंदा सुरू केला. गोदामातल्या चाळीस कामगारांना दोन वेळचा डबा. धंदा चांगला चालला. पण दिवसभर चुलीपुढे उभं राहायचं आणि हातात पळी. शस्त्रक्रियेच्या आधी तिचं वजन होतं ११८ किलो, उंची जेमतेम पाच फूट. साखर होती, रक्तदाब होता, गुडघे गेले होते. रात्री घोरता घोरता तिचा श्वासच बंद व्हायचा, मग एकदम धडपडून सुरू व्हायचा. भाऊजी घाबरून उठून बसायचे. ऑपरेशनचं ठरलं ते त्यामुळे. बारीक दिसायला म्हणून नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण गावात तसंच बोललं गेलं.

ही शस्त्रक्रिया कुणालाही करत नाहीत. उंचीच्या मानाने वजन किती, याचा एक आकडा काढतात, त्याला बीएमआय म्हणतात. वजन किलोत घ्यायचं आणि उंची मीटरमध्ये धरून तिने दोनदा भागायचं. आपल्याकडच्या लोकांसाठी साधारण ३७.५ च्या वर, किंवा साखर-रक्तदाबासारखा आजार असेल तर ३२.५ च्या वर असेल, तरच डॉक्टर बहुधा या शस्त्रक्रियेचा विचार करतात. ताईचा होता ५१. तिची स्लीव्ह नावाची शस्त्रक्रिया झाली. यात जठराचा पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात आणि उरतो तो केळ्याच्या आकाराचा एक नळीसारखा भाग. दुसरी बायपास नावाची असते. तिच्यात जठराचा वरचा अगदी लहान कप्पा वेगळा करून तो पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. दोन्हींत खाणं तर कमी होतंच, शिवाय भूक लावणारा जो रस आपल्या जठरातून निघतो तोही कमी होतो, निदान सुरुवातीला. नितीन गडकरींनी २०११ मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतली होती, हे तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. मुंबईत जे. जे. सारख्या सरकारी रुग्णालयातही ती होते. ते आम्हाला नंतर कळलं. आम्ही खासगीत गेलो. खर्च तीन लाखांच्या वर गेला. विमा नव्हता. एक गोष्ट लिहून ठेवा. ज्यांचा आरोग्य विमा आहे त्यांनी आधी कागद काढून बघा, कारण २०२० पासूनच्या नियमांप्रमाणे ठरावीक बीएमआय आणि ठरावीक आजार असतील तर विमा कंपनी 'हा लठ्ठपणाचा खर्च आहे' म्हणून सरसकट नाही म्हणू शकत नाही.

जमिनीचे थोडे पैसे उरले होते ते, ताईच्या पाटल्या, आणि गटातून तीस हजारांचं अंतर्गत कर्ज. ठराव मीच लिहिला. कर्जाचं कारण, आजारपण. सगळ्यांनी सह्या-अंगठे केले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता काट्याची गोष्ट. पहिल्या दोन आठवड्यांत ताई आठ किलो उतरली. नुसतं पाणी, ताक, गाळलेलं वरण, सूप. ११८ वरून ११०. घरात आनंदीआनंद. भाऊजींनी नवा वजनकाटा आणला. आणि तिसऱ्या आठवड्यात काटा ११० वर जो बसला तो बारा दिवस हलला नाही. ताई दिवसातून तीनदा काट्यावर. भिंतीजवळ ठेवून बघ, फरशी बदलून बघ. शेवटी म्हणाली, "काटा बिघडलाय." मी उभी राहिले, माझं वजन बरोबर दाखवलं, तेव्हा रडायलाच लागली.

हे असं तिसऱ्या आठवड्याच्या आसपास खूप जणींचं होतं. का होतं ते मला रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं. मी ते तुम्हाला गटाच्या भाषेत सांगते. आपल्या गटाची थोडी रोकड पेटीत असते आणि बाकीचे पैसे बँकेत ठेवीत असतात. शरीराचंही तसंच. चरबी म्हणजे ठेव. आणि यकृतात, स्नायूंत थोडी साखर साठवलेली असते, ती पेटीतली रोकड. ही साखर एकटी राहत नाही, आपल्या वजनाच्या साधारण तिप्पट पाणी धरून बसते. खाणं एकदम बंद झालं की शरीर आधी पेटी रिकामी करतं. साखर गेली की तिचं पाणीही जातं. म्हणून पहिले किलो भराभर उतरतात, पण त्यात पाणीच पुष्कळ असतं. मग शरीर चरबीच्या ठेवीला हात घालतं, आणि त्याच वेळी पेटीत थोडी रोकड परत भरतं, पाण्यासकट. आत चरबी वितळत असते पण बाहेर काटा जागचा हलत नाही. शिवाय पाळी जवळ आली, खारवलेलं खाल्लं, पोट साफ झालं नाही, तरी किलो-दीड किलोचा फरक पडतो. हा पहिला थांबा आपोआप सुटतो. ताईचा तेराव्या दिवशी सुटला. त्याला काही करायचं नसतं. हे ऑपरेशनच्या आधीच कुणी तिच्या कानावर घातलं असतं तर बारा दिवसांचं रडणं वाचलं असतं.

खरी परीक्षा पुढे होती. पाचव्या महिन्यात वजन ९२ झालं. म्हणजे २६ किलो उतरले. आणि मग काटा तिथेच रुतला. एक आठवडा, दोन, चार. नववा आठवडा लागला तरी ९२, कधी ९१ आणि काही ग्रॅम, परत ९२.

घरात बोलणं सुरू झालं. सासूबाई तोंडाने फटकळ, मनाने वाईट नाहीत, पण एक दिवस अंगणात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "एवरं पैसं घालवलं, आन् ही तं तवरीच हाय!" ताईचे केसही त्याच सुमाराला मूठमूठ गळत होते. शेजारीण म्हणाली, बघ, पोट कापल्याचं पाप. गटात कुजबुज झाली की तीस हजार आजारपणाला दिले की हौसेला? आणि एक बाई, आपल्याच दुसऱ्या गटातली, पावडरचा डबा घेऊन आली. महिन्याला साडेचार हजार, दहा दिवसांत काटा हलेल म्हणाली. तो डबा ताईने घेतला नाही, कारण साडेचार हजार नव्हते. असते तर घेतला असता, हे ती स्वतः सांगते.

आणि मी काय केलं? मी बीए झालेली, चार पुस्तकं वाचलेली, गटांना आरोग्याचं मार्गदर्शन करणारी. मी तिला म्हटलं, "ताई, रात्रीचं जेवण सोडून दे. सकाळी नुसता चहा घे. बघ कसं उतरतं."

तिने ऐकलं. चार दिवस रात्री काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता डबे टेम्पोत चढवताना तिला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधार आला आणि ती डाळीच्या पातेल्यासकट खाली गेली. गरम डाळ उजव्या पायावर. जवळच्या दवाखान्यात नेलं, साखर तपासली तर ५४. झालं होतं असं की साखरेची एक गोळी तिला अजून चालू होती. जेवण नाही आणि सकाळी नेमाने गोळी. शस्त्रक्रियेनंतर खाणं कमी होतं, वजन उतरतं, तशी साखरेची गोळी नाहीतर इन्सुलिन आणि रक्तदाबाची गोळी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा बघून कमी करावी लागते. त्यासाठी तिसऱ्या महिन्याला बोलावलं होतं. ताई गेलीच नव्हती. मुंबईला जायचं म्हणजे अंजूरफाट्याच्या गर्दीतून निघून रात्रीपर्यंत परत, म्हणजे डबे बंद, म्हणजे चाळीस माणसं उपाशी आणि दिवसाची कमाई बुडाली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गोळी चालू आहे का हे न विचारता जेवण सोड म्हणणारी मी होते. तिच्या पावलावर अजून डाग आहे. मी समोर बसले की तो मला दिसतो.

पाय बरा होत असतानाच आम्ही दोघी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. या वेळी डबे गटातल्या दोघींनी सांभाळले. त्याच दोघी, ज्या कुजबुजत होत्या. बाईंनी आधी काटा बघितलाच नाही. म्हणाल्या, काल उठल्यापासून झोपेपर्यंत तोंडात काय काय गेलं ते सांगा. ताई म्हणाली, दोन वेळा अर्धी वाटी डाळभात. बाई म्हणाल्या, जेवण नाही विचारलं, तोंडात काय गेलं ते विचारलं.

मग हळूहळू निघालं. चाळीस जणांच्या भाजीची चव बघायची, सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा. डाळीची चव. कोशिंबिरीची चव. पळीभर तळहातावर घेऊन चाटायचं. चहा सहा वेळा, दोन चमचे साखर. आम्ही तिथे बसूनच हिशेब केला. साखरेचे बारा चमचे म्हणजे साठ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी नुसत्या चहातून. आणि चहात बुडवलेली खारी. या शस्त्रक्रियेनंतर भाकरी, मटण, उसळ असं घट्ट खाल्लं की चार घासांत पोट भरतं, जास्त झालं तर उलटी येते. पण जे मऊ असतं, विरघळतं, ते सरळ खाली उतरतं. खारी, बिस्किटं, शेव, वेफर, आइस्क्रीम, उसाचा रस, थंड बाटल्या. पोट भरल्याचं कळतच नाही. ताईला घट्ट खाल्ल्यावर छातीत दाटायचं, म्हणून ती नकळत मऊकडे वळली होती. लपूनछपून खात होती असं मुळीच नाही. तिला ते खाणं वाटतच नव्हतं. चव बघणं हे तिचं काम होतं.

पण बाईंनी हेही सांगितलं, आणि ते मला सासूबाईंना ऐकवायचं होतं, की सगळं खारीवर ढकलू नका. काहीही न चुकलेल्या बाईचाही काटा या टप्प्याला अडतो. भरलेला टेम्पो आणि रिकामा टेम्पो घ्या. माल उतरला की डिझेल कमी लागतं. ११८ किलोचं अंग दिवसभर हलवायला जितकं इंधन लागायचं तितकं ९२ किलोच्या अंगाला लागत नाही. त्यात शरीराला वाटतं दुष्काळ पडलाय, मग ते आणखी काटकसर करतं, जशी आपण पगार उशिरा झाला की करतो. म्हणजे ज्या खाण्यावर आधी महिन्याला पाच किलो उतरायचे, त्याच खाण्यावर आता जमा आणि खर्च सारखे होतात. हा शरीराचा हिशेब आहे. त्यात बाईचा दोष कुठे आला?

अशा वेळी आणखी उपाशी राहिलं तर काय होतं? शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. आणि स्नायू हेच तर इंधन जाळणारं इंजिन. ते लहान झालं की काटा आणखी अडतो. म्हणजे माझा सल्ला दोन्हीकडून उलटा होता.

प्रथिनं दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतात असं त्यांनी सांगितलं. ताईच्या पोटात तीसही जात नव्हती. एका अंड्यात सहा ग्रॅम. शंभर ग्रॅम मासळीत अठरा-वीस. शंभर ग्रॅम पनीरमध्येही अठराच्या आसपास. पेलाभर दुधात सहा-सात. वाटीभर शिजलेल्या डाळीतही तेवढीच, म्हणजे नुसत्या वरणावर साठचा आकडा गाठणं कठीण. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नास ग्रॅमच्या वर प्रथिनं, त्या भिजवून, पिळून, बारीक करून खिम्यासारख्या करा. आमच्याकडे सुकट, जवळा, बोंबील असतातच. सुकी मासळी प्रथिनांना चांगली, पण तिच्यात मीठ फार, ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी धुऊन, भिजवून, बेतानेच. शेंगदाण्यात प्रथिनं आहेत पण तेल त्याच्या जवळजवळ दुप्पट आहे, मूठभर खाल्ले की कॅलरींचा ढीग. ताटात आधी अंडं, मासळी किंवा उसळ संपवायची, मग भाजी, आणि जागा उरली तरच भात-भाकरी. आमच्यात भात आधी असतो, त्यामुळे हे उलटं करायला ताईला फार जड गेलं. पाणी जेवणाबरोबर नाही, अर्ध्या तासाने.

चव बघण्याचं काय करायचं? यावर बाईंकडे उत्तर नव्हतं, ते आम्ही काढलं. चव बघायचं काम ताईच्या मुलीकडे दिलं. पहिल्या आठवड्यात दोनदा भाजी खारट झाली, कामगारांनी बोंब मारली. मग जमलं.

व्यायाम म्हटलं की आपल्याला हसू येतं, दिवसभर काय बसलेल्या असतो का? पण उभं राहून पोळ्या लाटणं आणि स्नायूंना जोर देणं यांत फरक आहे. तिला सांगितलं ते एवढंच. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून तीनदा. लिटर लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन हात वर. आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. गोदामाच्या रस्त्यावर ट्रक सुसाट जातात, म्हणून ती शाळेच्या मैदानात चालते. आधी एकटी लाजायची. आता पाच जणी असतात.

रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. २०१९-२१ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी आढळलंय, मग जठर लहान झालेल्या बाईचं काय होणार? लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या या शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर असतात. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नसतात. ताईने केल्या होत्या, गोळ्यांचे पैसे वाचवायला. काटा अडला तर थायरॉईडही बघून घ्यावं, आणि दुसऱ्या आजारांची काही औषधंही वजन धरून ठेवतात, ती डॉक्टरांना दाखवावीत. स्वतःहून बंद करू नयेत. केसांचं म्हणाल तर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात आणि बहुतेकींचे परत येतात, त्यात पाप-पुण्य काही नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी भरभर सांगते. मिश्री लावणाऱ्या पुष्कळ जणी ऐकत असतील. तंबाखूने जखम भरायला वेळ लागतो आणि शिवलेल्या जागी अल्सर होतो, म्हणून मिश्री, तंबाखू आधीच सुटली पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनीही अल्सर होतो, विशेषतः बायपासवाल्यांना, तेव्हा विचारल्याशिवाय नको. तरुण मुलींनी नीट ऐका, वजन उतरलं की थांबलेली पाळी नियमित होते आणि दिवस राहू शकतात, पण पहिलं वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत, बाळाला पोषण मिळत नाही. कोणतं साधन वापरायचं ते डॉक्टरांना विचारा, बायपासनंतर पाळणा लांबवायच्या तोंडी गोळीवर विसंबता येत नाही. नवरात्राचे निर्जळी उपास आणि रोजे, दोन्हींसाठी आधी डॉक्टरांशी बोला, पहिल्या वर्षात तर नक्कीच. आणि उपासाला साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतेक पिष्ट आणि तूप, प्रथिनं फारच थोडी.

काटा अडला हे दुखणं नाही, त्याला घाई नाही. पण काही गोष्टींना घाई असते. उलट्या थांबत नसतील, पायांना मुंग्या येऊन चालताना तोल जात असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, पोटात जोराची कळ, ताप, छातीत धडधड, किंवा एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, यांतलं काहीही असेल तर सकाळ व्हायची वाट बघू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि पोटाची ही शस्त्रक्रिया झाली आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

मग ताईचा काटा हलला का? हलला. पण सिनेमासारखा नाही. त्या भेटीनंतर तीन आठवडे ९२ च होता. मात्र बाईंनी कमरेला टेप लावून माप लिहून दिलं होतं, आणि त्या तीन आठवड्यांत कंबर चार सेंटिमीटर उतरली. हे सासूबाईंना दाखवलं. त्यांना सेंटिमीटर कळत नाही, पण ब्लाउजच्या हुकाला दोन बोटं आत घ्यावं लागलं ते कळलं. मग ९१, ९०, कधी महिन्यात एकच किलो. वर्ष-सव्वा वर्षाला ८४ वर आली आणि आता तिथेच आहे.

हा शेवटचा थांबा. आणि इथे मला तुमच्याशी खरं बोलायचंय. ताई अजूनही जाडच दिसते. बीएमआय ३६ च्या वर आहे. ११८ मधले ३४ गेले, म्हणजे शंभरात एकोणतीस. स्लीव्हनंतर साधारण एवढंच जातं, शंभरात पंचवीस-तीस. ते नवरीसारखी बारीक झाल्याचे फोटो असतात ना, ते सगळ्यांचं होत नाही. बहुतेकींचं वजन वर्ष-दीड वर्षाला सगळ्यात खाली येतं आणि मग स्थिरावतं, पुढे थोडं वरही चढतं. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलंय. तिथे बायपासवाल्यांचं पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के वजन गेलं होतं, दहाव्या वर्षी हिशेब केला तर २५ टक्के. म्हणजे काही परत आलं, तरी बरंचसं गेलेलंच राहिलं. (त्या अभ्यासात ताईसारखी स्लीव्ह नव्हती, ती पद्धत नंतर आली.) तुमच्यापैकी काहींनी २०१९ च्या सुमाराला वसईच्या एका बाईची बातमी वाचली असेल, ३०० किलोवरून ८६ वर आलेली. आमच्या सासूबाईंनी ती पेपरमधली बातमी दाखवून ताईला टोमणा मारला होता. पण त्या बाईच्या चार वर्षांत दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या, २०१५ ला एक आणि २०१७ ला एक. काहींना दुसरी करावी लागते, ते डॉक्टर ठरवतात. नुसता काटा अडला म्हणून दुसऱ्या ऑपरेशनसाठी पाटल्या विकायला कुणी काढू नयेत.

८४ वर ताईला काय मिळालं ते तिच्याकडूनच ऐकलेलं सांगते. साखरेची गोळी बंद आहे, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी ती चुकवत नाही. रक्तदाबाची एकच गोळी उरली. भाऊजी रात्रभर झोपतात. गेल्या वर्षी वज्रेश्वरीच्या पायऱ्या न बसता चढली, वर जाऊन बसली ते देवीपुढे, दम लागला म्हणून नाही. पण तिला अजून आरशात ८४ दिसतं आणि वाईट वाटतं. मी "अगं किती छान झालं" म्हणून तिचं तोंड बंद करत नाही आता. वाईट वाटतं तर वाटू दे. काटा मात्र तिने स्वतःच मुलीच्या कपाटात ठेवायला सांगितलाय, सोमवारी सकाळी एकदाच काढायचा.

आणि तीस हजारांचं? पाय भाजल्याच्या दुसऱ्या महिन्याची बैठक होती. मी रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की जेवण सोडायचा सल्ला माझा होता. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. मग आमच्या गटातली सगळ्यात म्हातारी बाई, जिचा अंगठा त्या ठरावावर पहिला आहे, ती म्हणाली, "कर्ज आजारपणाला दिलं. आजार बरा व्हायला वेळ लागतो. हप्ता येतोय ना? मग लिही पुढचा विषय." हप्ता येतच होता. चोवीस होते, एकही चुकला नाही.

पुढच्या गुरुवारी तुमच्या प्रश्नांना ताई स्वतः उत्तरं देणार आहे, नाव न सांगता. फोन दुपारी बारानंतर करा, बारापर्यंत तिचे डबे असतात.